हवापालट केल्याने आमवात बरा होतो का?

पावसाळा लागला की गटांच्या बैठकीत आम्हाला एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "ताई, सुनेला इथली हवा मानवत नाही. बोटं सुजतात, सकाळी भाकरी थापता येत नाही. कोरड्या मुलखात राहिली तर बरी होईल का?" कुणी माहेरी धाडायचं म्हणतं, कुणी गरम पाण्याच्या कुंडावर महिनाभर राहायला गटाकडे कर्ज मागतं. हा प्रश्न फार जुना आहे. म्हणून आज आम्ही त्याचा इतिहास सांगणार आहोत.

आधी आजार ओळखू या. वयामुळे झिजलेले गुडघे वेगळे आणि हा वेगळा. यात शरीराची रोगाशी लढणारी ताकद आपल्याच सांध्यांवर उलटते. सकाळी बराच वेळ हात आखडलेले राहतात आणि सांधे सुजतात. डॉक्टर याला रुमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, आपण आमवात म्हणतो. पुरुषांपेक्षा बायकांना तो दोन ते तीन पट जास्त होतो.

चरकसंहितेत भूमीचे तीन प्रकार सांगितले आहेत: कोरडा तो जांगल, पाणथळ तो आनूप आणि मधला तो साधारण. राहण्याची जागा आणि प्रकृती यांचा संबंध आपल्याकडे तेव्हापासून लावला गेला. पुढे माधवकरांच्या माधवनिदान ग्रंथात आमवात हा स्वतंत्र रोग म्हणून आला. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या आणि दापोलीजवळच्या उन्हवऱ्याच्या गरम कुंडांवर सांधे धरलेली माणसं आजही जातात. गरम पाण्याने आखडलेपण सैल होतं, हे खरंच आहे.

युरोपातही हवापालटावर मोठी भिस्त होती. फ्रान्समधला थोर चित्रकार ऑग्युस्त रेन्वार याची गोष्ट ऐका. 1841 साली एका शिंप्याच्या घरी त्याचा जन्म झाला. पोरवयात तो चिनीमातीच्या भांड्यांवर नक्षी रंगवून पोट भरायचा. पन्नाशीच्या सुमारास त्याला या आजाराने गाठलं. त्याने गरम झऱ्यांची स्नानं केली. मग ऊब मिळावी म्हणून तो थंड पॅरिस सोडून दक्षिणेकडे समुद्राकाठी राहू लागला. 1907 साली त्याने कान्य गावात जुन्या ऑलिव्हच्या झाडांची वाडी घेतली. तिथे ऊन होतं, मोकळी हवा होती, पैसाही होता.

पण आजार थांबला नाही. काही वर्षांत तो चाकाच्या खुर्चीत बसला. बोटं इतकी वाकली की कुंचला दुसऱ्याने हातात द्यावा लागे. तशा हातांनी तो 1919 साली मरेपर्यंत चित्रं काढत राहिला. उबदार हवेने त्याचे दिवस सुसह्य केले, पण सांधे वाकायचे ते वाकलेच. कारण तेव्हा हा आजार रोखणारं औषधच नव्हतं.

मग पावसात जास्त दुखतं, हा भास आहे का? 1960 च्या दशकात अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉ. हॉलंडर यांनी यासाठी एक खास खोली बांधली. आतला दमटपणा आणि हवेचा दाब पाहिजे तसा बदलता येई. रुग्ण तिथे राहिले. दमटपणा वाढला आणि त्याच वेळी दाब उतरला, की बहुतेकांचं दुखणं वाढलं. तेव्हा आभाळ भरून आल्यावर हात दुखतात म्हणणारी सून कामचुकार नाही, हे घरातल्यांनी लक्षात घ्यावं.

मात्र दुखणं कमी होणं वेगळं आणि आजार थांबणं वेगळं. आजार आवरण्याचा मार्ग हवेतून नाही, औषधातून सापडला. 1948 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये अंथरुणाला खिळलेल्या एका स्त्रीला डॉ. हेंच यांनी कॉर्टिसोन दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. दोन वर्षांनी या कामाला नोबेल मिळालं. पुढे कॉर्टिसोनचे दुष्परिणामही कळले. 1980 च्या दशकात मेथोट्रेक्सेट हे औषध या आजारासाठी रुळलं. ते आठवड्यातून एकदाच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रक्त तपासत घेतात. दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल तर ते चालत नाही, म्हणून डॉक्टरांना हे आधी सांगायचं.

रेन्वारला जे मिळालं नाही ते आज आपल्या सुनेला मिळू शकतं. पण वेळेत गेलं तर. एकदा वाकलेलं बोट औषधाने सरळ होत नाही. म्हणून कर्जाचा अर्ज आला की आम्ही गटांना सुचवतो: पहिला पैसा तपासणीला आणि औषधाला, कुंडाची वारी त्यानंतर. आणि मुलूख बदलणं सगळ्यांच्या हातात नसलं, तरी घरातली हवा थोडी बदलता येते. ओल्या भिंतीपासून अंथरूण दूर घ्या, सकाळी हात शेकायला गरम पाणी द्या, पावसाळ्यात धुणं दुसऱ्या कुणीतरी धुवा. एवढं घरच्यांना जमेल ना?