मोडीचा त्याग कां झाला? पेण-रोहें दप्तरांच्या निमित्तानें एक विचार

पेण व रोहें हे तालुके ज्या जिल्ह्यांत मोडतात, त्यास 1981 पर्यंत कुलाबा हें नांव होतें. तेथील जुन्या घराण्यांच्या दप्तरांकडे पाहतां प्रश्न उभा राहतो, कीं पिढ्यान्‌पिढ्या मोडी लिहिणाऱ्या कारकुनानें बालबोध कां पतकरिली?

मोडी दुर्वाच्य म्हणून मागें पडली, असें सामान्यतः म्हणतात. आमच्या मतें हें अर्धेंच उत्तर होय. शिरोरेघ आधीं ओढून, बोरू फारसा न उचलतां, ऱ्हस्वदीर्घाचा भेद न पाळतां मोडी झरझर लिहितां येई. लिहिणारा व वाचणारा एकाच परंपरेंत तयार झालेले असल्यानें दुर्वाच्यता कामाच्या आड येत नसे.

मोडी छापतां येत नव्हती, असेंही नव्हे. केरीचा मराठी कोश श्रीरामपूर येथें 1810 सालीं मोडी ठशांत छापला गेला. परंतु मोल्स्वर्थच्या 1831 च्या कोशानें देवनागरीच स्वीकारिली. पुढें छापील पुस्तकांवर शिकलेली पिढी कचेरींत आली, आणि 1917 सालीं मुंबई सरकारनें कारभाराच्या सोयीसाठीं व एकसूत्रतेसाठीं मोडीऐवजीं बालबोध ठरविली.

तथापि केवळ हुकुमानें हात बदलत नाहीं. त्यानंतरही कित्येक वर्षें शाळांतून मोडी शिकविली जात होती व ती व्यवहारांतही चालू होती. यावरून आमचा तर्क असा : ज्याचें लिखाण वरिष्ठांपुढें जावयाचें, त्यानें बालबोध आधीं घेतली, ज्याची कीर्द-खतावणी घरच्या गुमास्त्यानेंच वाचावयाची, त्यास घाई नव्हती. नवें साधन स्वीकारतांना लिहिणाराच्या सोयीपेक्षां वाचणारा कोण, हेंच निर्णायक ठरतें.

हा तर्क पारखण्याचें साधन संग्राहकांच्याच हातीं आहे. रुमाल सोडतांना कोणत्या सालीं, कोणत्या प्रकारच्या कागदांत मोडी संपून बालबोध सुरू होते, एवढी नोंद करावी. त्याकरितां रुमाल फोडून सुटे कागद विकूं नयेत. क्रम मोडला कीं पुरावा गेला. 2014 सालीं मोडीस युनिकोडमध्यें स्थान मिळालें, म्हणजे संगणकासही आतां ती ठाऊक आहे. परंतु वाचणारे थोडे उरले आहेत. ते आहेत तोंवर, पेण-रोह्यांतील ज्यांच्या घरीं दप्तर असेल, त्यांनीं निदान त्याची यादी तरी करून ठेवावी, अशी आमची विनंति आहे.