गावठाण, वाडी आणि भरतीरेषा : अलिबागच्या किनाऱ्यावरील वस्तीच्या मर्यादांचा इतिहास

भारत सरकारने १९ फेब्रुवारी १९९१ रोजी सागरकिनाऱ्याच्या नियमनाविषयीची जी पहिली अधिसूचना काढली, तिचा इंग्रजी मजकूर वाचीत असता मराठी वाचकाची दृष्टी एका शब्दावर अडखळते. भरतीरेषेपासून दोनशे ते पाचशे मीटरांच्या पट्ट्यात घरे बांधण्यास वा पुन्हा उभारण्यास मुभा कोणास, याचे उत्तर देताना अधिसूचना परंपरागत हक्क व रूढ वहिवाट यांचा आधार घेते, आणि उदाहरणादाखल दोन प्रकारच्या वस्त्या सांगते. पहिली मच्छीमारांची गावे, दुसरी 'गावठाणे'. गुजरातेपासून बंगालपर्यंतच्या सर्व किनाऱ्यास लागू होणाऱ्या या लेखात आपल्या महसुली दप्तरातील हा शब्द भाषांतर न होता जसाच्या तसा जाऊन बसला आहे. तमिळ किंवा ओडिया किनाऱ्यावरील अधिकाऱ्याने त्याचा अर्थ काय करावा, हा प्रश्न येथे बाजूस ठेवू. त्याहून जवळचा प्रश्न असा की, ज्या कोकणच्या किनाऱ्यावर हा शब्द समजतो तेथे तरी तो वस्तुस्थितीस कितपत धरून आहे? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार अलिबाग आणि त्याच्या शेजारची गावे यांच्यापुरता करावयाचा आहे. लेखकाचा व्यवसाय भाषाशास्त्राचा असल्याने विवेचनात शब्दांचे माप थोडे अधिक पडेल, याची वाचकांनी आरंभीच नोंद घ्यावी.

गावठाण हा शब्द ग्रामस्थान या संस्कृत समासाशी संबद्ध होय. स्थान या पदातील संयुक्त व्यंजनाचे मूर्धन्य 'ठ' होणे मराठीस नवीन नाही. ठाव, ठाणे हे शब्द त्याच घराण्यातील आहेत. परंतु व्युत्पत्तीपेक्षा या शब्दामागील भूचित्र महत्त्वाचे आहे. ते भूचित्र देशावरचे आहे. देशावरील गाव म्हणजे काळी आणि पांढरी: भोवती काळी, म्हणजे पिकाची जमीन, आणि मध्ये पांढरी, म्हणजे घरांचा दाट पुंजका. एकीत मनुष्य राबतो, दुसरीत निजतो. या दोहोंमध्ये रेघ ओढणे सोपे होते, आणि एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्याच्या भूमापनखात्याने ती ओढली. काळीचे सर्व्हे नंबर पडले, त्यांवर आकार बसला. पांढरीवर शेतसारा नसल्याने तिच्या आतील घरांची मोजणी करण्याचे सरकारास कारण उरले नाही. नकाशात ती एक रिकामी जागा म्हणून राहिली. पुढे ज्या शब्दावर एवढे हक्क अवलंबून राहावयाचे होते, त्याच्या पोटात नकाशाच नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

अष्टागरातील वस्ती अशी नाही. अलिबाग, वरसोली, थळ, आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा या पट्ट्यात रस्ता समुद्रास समांतर जातो, आणि त्याच्या दोन्ही अंगांस नारळी-पोफळीच्या बागा लागतात. घर हे बागेच्या आत असते. त्याच्या मागे विहीर, विहिरीवरून निघणारे पाट, आणि पाटांच्या कडेने पोफळी. या सबंध वस्तूस तेथील मनुष्य 'वाडी' म्हणतो. संस्कृत वाटिकेपासून आलेल्या या शब्दाचा देशावर 'लहान वस्ती' असा अर्थ रूढ झाला. किनाऱ्यावर मात्र कुंपणातील बाग हा जुना अर्थ टिकून राहिला, आणि घराचा अर्थ त्यातच मिसळून गेला. 'आमची वाडी' या दोन शब्दांत राहण्याची जागा कोणती आणि पिकविण्याची कोणती, असे विचारणे तेथे निरर्थक ठरते. अलिबाग या नावातच बाग आहे. अली नावाच्या धनिकाने येथे विहिरी खोदल्या व बागा लावल्या, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. नगराचे नाव जमिनीच्या वापरावरून पडावे, हा योगायोग नगररचनेच्या अभ्यासकास रुचेल.

आंग्र्यांचे संस्थान १८४० च्या सुमारास खालसा झाले आणि १८६९ साली कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा होऊन अलिबाग त्याचे मुख्य ठाणे बनले. १ जानेवारी १९८१ पासून या जिल्ह्यास रायगड हे नाव आहे. कचेऱ्या आल्या, नगरपालिका आली, आणि मुंबई इलाख्याचा जमीन महसूल कायदा १८७९ साली अमलात आला. या कायद्याच्या ६५ व्या कलमाने शेतीच्या जमिनीचा अन्य कामासाठी उपयोग करावयाचा झाल्यास कलेक्टराची परवानगी आवश्यक ठरविली. आपल्या भाषेत 'बिनशेती' हा नकारार्थी शब्द प्रतिष्ठित झाला तो या व्यवस्थेमुळे. घर, दुकान, कारखाना, शाळा या साऱ्यांस एकच नाव मिळाले, आणि ते नावही ती काय आहेत हे सांगत नाही, काय नाहीत तेवढे सांगते. परंतु त्याच कलमात एक सवलत होती. शेती अधिक चांगली व्हावी म्हणून शेतकऱ्याने आपल्या जमिनीत विहीर खणावी, शेतीच्या कामाची इमारत बांधावी, यास आडकाठी नव्हती. गावठाणाच्या रेघेबाहेर पडलेले वाडीतील घर या सवलतीच्या छायेत उभे राहिले. कायद्याच्या दृष्टीने ते घर नव्हते, शेतीचे एक उपकरण होते. जोपर्यंत कोणी विचारीत नव्हते तोपर्यंत या भेदाने कोणाचे काही बिघडले नाही.

येथे एका वेगळ्या नियमनाचा उल्लेख करण्याचा मोह होतो. मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचे ठरले तेव्हा कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय उपकरणांस त्याचा उपद्रव होईल हे ओळखून डॉ. मूस यांच्या देखरेखीखाली ते काम अलिबागेस हलविण्यात आले. १९०४ पासून तेथे वेध घेतले जाऊ लागले. इमारती लोखंड वर्ज्य करून, पोरबंदरी दगड व तांब्यापितळेचे सामान वापरून बांधल्या गेल्या. कोणत्या जागी कोणत्या व्यवसायास मज्जाव असावा, हा विचार या गावी नगररचनेच्या खात्याने नव्हे, तर होकायंत्राच्या सुईने आणला, असे गमतीने म्हणता येईल. खुद्द नगररचनेचा मुंबई इलाख्यातील कायदा त्यानंतर अकरा वर्षांनी, म्हणजे १९१५ साली झाला. त्याच्या जागी १९५४ चा आला, आणि अखेर १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम. त्याच वर्षीच्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने गावठाणाच्या सीमा ठरविण्याचा अधिकार १२२ व्या कलमान्वये जिल्हाधिकाऱ्याकडे ठेवला. रेघ जुनीच राहिली. लोकसंख्या तेवढी वाढली.

किनाऱ्याचा स्वतंत्र विचार सुरू झाला तो १९८१ च्या नोव्हेंबरात. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांस पत्र लिहून भरतीरेषेपासून पाचशे मीटरांपर्यंतचा किनारा मोकळा ठेवण्यास सुचविले. पर्यावरण संरक्षण अधिनियम १९८६ साली झाला आणि त्याच्या आधारे १९९१ ची अधिसूचना निघाली. तिने किनाऱ्याचे चार वर्ग केले. नगराच्या हद्दीतील, रस्ते व सांडपाण्याच्या सोयी असलेला, बराचसा बांधला गेलेला भाग दुसऱ्या वर्गात गेला. तेथे अस्तित्वात असलेल्या रस्त्याच्या वा अधिकृत इमारतींच्या जमिनीकडील बाजूस बांधकाम शक्य झाले. ग्रामीण किनारा तिसऱ्या वर्गात पडला. तेथे पहिले दोनशे मीटर विकासास वर्ज्य, आणि पुढील तीनशे मीटरांत आरंभी सांगितलेली सवलत; तीही अशी की, घरांची एकूण संख्या पूर्वीच्या दुपटीहून अधिक होऊ नये, उंची नऊ मीटरांच्या आत असावी, मजले दोनच असावेत, आणि सर्व मजल्यांचे मिळून क्षेत्र भूखंडाच्या ३३ टक्क्यांवर जाऊ नये.

२०११ च्या जनगणनेत वीस हजारांहून थोडी अधिक वस्ती असलेल्या अलिबागसारख्या गावी या वर्गीकरणाचा परिणाम चमत्कारिक होतो. समुद्र तोच, वाळू तीच, सुरूची रांगही तीच. पण नगरपालिकेची हद्द ओलांडून वरसोलीस किंवा आक्षीस गेले की नियम पालटतो. नगरातील इमारतीस रस्त्याचा आधार मिळतो. शेजारच्या गावातील घराने गावठाणाचा किंवा मच्छीमार वस्तीचा दाखला आणावा लागतो. वाडीतील घर या दोहोंतही बसत नाही. ते गावठाणाबाहेर आहे, आणि त्यात राहणारा बागाईतदार मच्छीमार नव्हे. शतकभर जे शेतीचे उपकरण म्हणून सुरक्षित होते, तेच आता कोणत्याही रकान्यात न मावणारे ठरले.

कोळीवाड्याची अडचण निराळी आहे. त्याचे नाव अधिसूचनेत आहे, परंतु त्याची जागा बहुधा पहिल्या दोनशे मीटरांतच असते, कारण होडी ओढून घ्यावयाची ती घराजवळच. तेथे १९९१ च्या नियमाने केवळ अधिकृत बांधकामाची दुरुस्ती शक्य होती, आणि जेथे मोजणीच झाली नाही तेथे अधिकृत म्हणजे काय, हे सांगणे कठीण. शिवाय कोळीवाडा म्हणजे नुसती घरे नव्हेत. जाळी विणण्याची पडवी, मासळी वाळत घालण्याचे अंगण, होड्या शाकारण्याची वाळू, हे सर्व त्या शब्दात अंतर्भूत आहे; नकाशावर ते मोकळी जागा म्हणून दिसते. भरतीरेषेचेही असेच. कायद्याची रेषा ही उधाणाच्या भरतीची कमाल मर्यादा होय. उधाण आणि भांग हे शब्द कोळ्याच्या रोजच्या तोंडचे. परंतु त्याच्या लेखी ती दर पंधरवड्यास सरकणारी गोष्ट आहे. गावठाणाची रेघ दगडांनी ठरली, ही चंद्राने ठरते, आणि घराचा न्याय या दोहोंमधील अंतर मोजून होतो.

याच सुमारास १८७९ च्या सवलतीस नवे गिऱ्हाईक मिळाले. 'शेतघर' हा शब्द मराठीत फारसा रुळला नाही; 'फार्महाऊस' मात्र सर्वतोमुखी झाला. मुंबईकरांनी किहीम, सासवणे, आवास या बाजूस वाड्या घेतल्या आणि त्यांत बंगले बांधले. किहीम येथील एका फरारी हिरेव्यापाऱ्याचा प्रचंड बंगला जिल्हा प्रशासनाने मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडला. ती बातमी देशभर गाजली. सगळेच बंगले बेकायदा होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि एवढे खरे की, सवलतीचा अर्थ लावून घेण्यास वकील, वास्तुविशारद आणि वेळ लागतो, आणि या तीन गोष्टी बागाईतदारापेक्षा बंगलेवाल्याजवळ अधिक असतात. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारी वाहून नेणारी बोट सुरू झाली. तिने जमिनीच्या मागणीस आणखी जोर दिला.

नियमकर्त्यांस ही विसंगती अगदीच दिसली नाही असे नाही. २०११ च्या अधिसूचनेने मच्छीमार वस्त्यांची आखणी करण्यास सांगितले आणि शंभर ते दोनशे मीटरांच्या पट्ट्यात परंपरागत किनारी समाजांच्या घरांस योजनापूर्वक वाट करून दिली. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्याचे दोन पोटवर्ग केले. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरास २१६१ हून अधिक वस्ती असेल तेथे वर्ज्य पट्टा पन्नास मीटरांवर आला. अन्यत्र तो दोनशेच राहिला. आता शब्दाची जागा आकड्याने घेतली. परंतु घनता काढताना भाजक म्हणून गावाचे सबंध क्षेत्र धरले, तर त्यात खाजण, खारजमीन आणि वाड्या या सर्वांचा समावेश होतो. कोळीवाड्यात घरास घर चिकटलेले असले तरी भोवतालची खाजणे विस्तीर्ण असतील तर ते गाव कागदावर विरळ ठरेल. देशावरच्या पांढरीस हा हिशेब जाचला नसता. तिची रेघ घरांच्या कडेनेच जाते.

गावठाणाच्या पोटातील नकाशा मात्र आता तयार होऊ लागला आहे. केंद्राच्या स्वामित्व योजनेचा आरंभ २४ एप्रिल २०२० रोजी झाला. तीत ड्रोनच्या साह्याने गावठाणातील घरांची मोजणी करून घरमालकांस मिळकतपत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. योजनेचा विषय गावठाण हाच आहे. नागाव किंवा आक्षी येथील वाडीत, गावठाणाच्या रेघेबाहेर, पोफळींच्या आड असलेले घर तिच्या व्याख्येत बसत नाही. सातबाऱ्यावर ती जमीन आजही बागाईत आहे.