न्यूजलेटरमध्ये लिहायचं काय? छोट्या व्यवसायाला विषय कुठे सापडतात

४ ऑक्टोबर २०२१. रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकाच वेळी बंद पडलं आणि जवळपास सहा तास बंद राहिलं. अनेकांनी मोबाइल दोन-तीनदा बंद-चालू करून पाहिला, वायफायला दोष दिला आणि झोपून गेले. ज्यांचा धंदाच या तीन ठिकाणी चालतो, त्यांना मात्र ऑर्डर घेता येईना आणि ग्राहकाला निरोपही देता येईना. त्याआधी २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली, तेव्हा तर लाखो फॉलोअर्स असलेली खाती एका झटक्यात निरुपयोगी झाली.

दोन्ही वेळी एकच गोष्ट दिसली. फॉलोअर्स हे शेवटी प्लॅटफॉर्मच्या हातात असतात. ग्राहकांनी स्वतःहून दिलेल्या ईमेल पत्त्यांची यादी मात्र व्यावसायिकाकडेच राहते. ईमेल पाठवणारी सेवा बदलली तरी ती सोबत नेता येते. म्हणूनच अनेक छोटे व्यावसायिक सोशल मीडियासोबत ईमेल न्यूजलेटरही सुरू करतात.

पहिली दोन पत्रं उत्साहात जातात. पहिल्यात ओळख, दुसऱ्यात नव्या मालाची यादी. तिसऱ्या महिन्यात प्रश्न उभा राहतो: आता लिहायचं काय? काही सुचलं नाही की ‘२० टक्के सूट’ असं लिहून पत्र पाठवलं जातं. चौथ्यालाही तेच. न्यूजलेटरची घसरण बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.

फक्त ऑफर पाठवल्या तर काय होतं?

सतत सवलतीच मिळणाऱ्या ग्राहकाला दोन सवयी लागतात. एक म्हणजे सवलत येईपर्यंत खरेदी थांबवायची. दुसरी म्हणजे पत्र न उघडताच पुसून टाकायचं. काही जण त्याहून पुढे जाऊन ‘स्पॅम’चं बटण दाबतात, आणि खरं नुकसान तिथे होतं.

जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून ईमेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. त्यानुसार स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राहायला हवं, म्हणजे हजार पत्रांमागे तीनपेक्षा कमी. ०.१ टक्क्याच्या खाली राहिलं तर उत्तम. जीमेल खात्यांना दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त पत्रं पाठवणाऱ्यांना एका क्लिकवर यादीतून बाहेर पडण्याची सोय देणंही बंधनकारक आहे. पाचशे ग्राहकांची यादी असेल, तर दोन-तीन नाराज माणसांनीही गणित बिघडू शकतं. एकदा नाव खराब झालं की त्याच पत्त्यावरून जाणारी बिलं आणि ऑर्डरची पत्रंसुद्धा स्पॅममध्ये जाऊ लागतात.

थोडक्यात, विषय न सुचणं ही केवळ लिखाणाची अडचण नाही. कंटाळवाण्या पत्राची किंमत धंद्याला मोजावी लागते.

ही कल्पना जुनीच आहे

माल विकणाऱ्याने ग्राहकाला वाचायला काहीतरी कामाचं द्यावं, ही कल्पना ईमेलच्या कितीतरी आधीची आहे. अमेरिकेत शेती अवजारं बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीने १८९५ मध्ये ‘द फरो’ हे शेतकऱ्यांसाठीचं नियतकालिक सुरू केलं. त्यात शेती चांगली कशी करावी याची माहिती असे.

महाराष्ट्रातलं उदाहरण तर घरचंच आहे. लोखंडी नांगर आणि कडबा कापायची यंत्रं बनवणाऱ्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. संपादक होते शंकर वासुदेव किर्लोस्कर. सुरुवात कारखान्याच्या आणि मालाच्या माहितीपासून झाली. पुढे त्यात समाज, शिक्षण, उद्योग, साहित्य असे विषय आले आणि त्याचं ‘किर्लोस्कर’ हे मराठीतलं गाजलेलं मासिक झालं. वाचक टिकले, कारण हातात पडणाऱ्या अंकात त्यांच्या उपयोगाचं काहीतरी होतं.

विषय गल्ल्यासमोरच उभे असतात

चांगल्या न्यूजलेटरचे विषय डोकं खाजवून सुचत नाहीत. ते दुकानात, कारखान्यात, बागेत रोज घडत असतात. ते टिपून ठेवायचे असतात. विषय मिळण्याच्या मुख्य जागा पाच आहेत.

१. ग्राहकांचे प्रश्न. एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या ग्राहकांनी विचारला, तर तोच प्रश्न पडलेले पण न विचारणारे बरेच जण असतात. असा प्रत्येक प्रश्न म्हणजे एक तयार पत्र. फोनवर दिलेलं उत्तर लिहून काढलं की निम्मं काम होतं.

२. हंगाम. प्रत्येक धंद्याचं स्वतःचं पंचांग असतं. सायकल दुरुस्तीवाल्याचा पावसाळा, शिकवणीवाल्यांचा मार्च, मिठाईवाल्याची दिवाळी, कर सल्लागाराचा जुलै. सगळे ‘दिवाळीच्या शुभेच्छा’ पाठवतात, तेव्हा फराळ किती दिवस टिकतो आणि डबा कुठे ठेवावा हे सांगणारं पत्र उघडलं जातं.

३. पडद्यामागचं काम. माल कसा तयार होतो, कुठून येतो, त्याला वेळ का लागतो, हे ग्राहकाला दिसत नाही. हातमागावरची साडी महाग का, हे सूट जाहीर करून कळत नाही. ती विणायला किती दिवस लागतात ते सांगितलं की कळतं.

४. अडचणी आणि भाव. कच्चा माल महागला, माल उशिरा येणार आहे, एखादी वस्तू बंद करावी लागली, अशा गोष्टी लपवण्याकडे कल असतो. पण ग्राहकाला आधी कळवलं तर तो समजून घेतो. नंतर कळलं तर चिडतो.

५. विकल्यानंतरची काळजी. लोखंडी तवा गंजू नये म्हणून काय करावं, चामड्याची चप्पल पावसात भिजली तर कशी वाळवावी, कुंडीतल्या रोपाला उन्हाळ्यात पाणी किती घालावं. यात विक्रीचा एक शब्दही नसतो, पण पुढच्या खरेदीच्या वेळी हेच दुकान आठवतं.

एक उदाहरण: हापूसचं पूर्ण वर्ष

समजा, रत्नागिरी जिल्ह्यातला एखादा बागायतदार मुंबई-पुण्याच्या ग्राहकांना थेट पेट्या पाठवतो. विक्री होते मार्च ते मे. मग उरलेले नऊ महिने लिहायचं काय? प्रत्यक्षात बागेत वर्षभर काही ना काही घडतच असतं.

जून आणि जुलैमध्ये हंगाम संपलेला असतो. पावसाच्या सुरुवातीला झाडांना खत घातलं जातं. आंबापोळी आणि आंब्याचा रस कसा टिकवला जातो, हा या दिवसांचा विषय. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बाग पावसात काय करते, झाडं एका वर्षी भरभरून आणि पुढच्या वर्षी कमी का फळतात, हे लिहिता येतं.

ऑक्टोबर ते डिसेंबर हा वाट पाहण्याचा काळ. थंडी पडली की मोहोर येतो. ढगाळ हवा आली की तुडतुडे आणि भुरी रोगाची भीती. ‘यंदा थंडी लांबली, मोहोराचं काय?’ हे डिसेंबरचं पत्र वाचणाऱ्या ग्राहकाला एप्रिलमधला भाव अचानक धक्का देत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत फळ धरतं, काही गळतं. पहिली पेटी कधी निघेल याचा अंदाज तेव्हा सांगता येतो.

मार्च ते मे प्रश्नांचे महिने. पेटी उघडल्यावर काय करायचं? कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवावा का? उत्तर नाही, कारण थंडीत तो नीट पिकत नाही. आंब्याला देठ ठेवून का तोडतात? कारण देठ मोडला की चीक सालीवर सांडतो आणि डाग पडतात. कार्बाइडने पिकवलेला नाही कशावरून? फळं पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरायला भारतात बंदी आहे. इथिलीन वायूला मर्यादित प्रमाणात परवानगी आहे. बागायतदार स्वतः आंबा कसा पिकवतो, पेंढ्यात की पिकवण केंद्रात, हे त्याने सरळ सांगावं.

सगळ्यात अवघड प्रश्न साक्याचा. बाहेरून सुंदर दिसणारा हापूस कापल्यावर आत पांढरट, मऊ निघतो. हा हापूसमधला ओळखीचा दोष आहे, उष्णतेशी त्याचा संबंध जोडला जातो आणि तो बाहेरून ओळखता येत नाही. बरेच विक्रेते याबद्दल गप्प राहतात. उलट, ‘साका म्हणजे काय आणि असं फळ निघालं तर आम्ही काय करतो’ असं पत्र पहिल्या पेटीआधीच गेलं, तर तक्रारीचा सूर बदलतो. ग्राहकाला फसवल्यासारखं वाटत नाही.

शिवाय कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे त्यात येतात. इतर भागातला आंबा ‘हापूस’ म्हणून विकला जातो तेव्हा काय पाहावं, हे एक स्वतंत्र पत्र.

मोजले तर बाराच्या वर विषय झाले, आणि त्यात सवलतीचं एकही पत्र नाही.

विषय टिपण्याची सोपी पद्धत

गल्ल्याजवळ एक छोटी वही ठेवावी किंवा मोबाइलमध्ये एक नोंद उघडावी. दिवसभरात ग्राहकाने विचारलेला प्रश्न, केलेली तक्रार, दिलेली दाद त्याच्याच शब्दांत लिहावी. ‘उत्पादनाच्या गुणवत्तेबाबत शंका’ असं नको. ‘ही साडी धुतल्यावर आटेल का हो?’ असं हवं, कारण ग्राहकाची भाषाच पुढे पत्राचं शीर्षक होते. महिन्याच्या शेवटी वही चाळली की दोन-तीन विषय हमखास निघतात.

लिहिताना काही गोष्टी पाळल्या तर पत्र वाचलं जातं:

- एका पत्रात एकच विषय. उरलेले पुढच्या महिन्यासाठी.
- शीर्षकात नेमकी गोष्ट. ‘मार्च महिन्याचं न्यूजलेटर’ यापेक्षा ‘यंदा पहिली पेटी उशिरा का?’ हे जास्त उघडलं जातं.
- तीनशे-चारशे शब्द पुरतात. मोबाइलवर वाचायचं आहे हे लक्षात ठेवावं.
- तीन-चार उपयोगी पत्रांनंतर एक विक्रीचं पत्र चालतं. तेव्हा ते उघडलंही जातं.
- महिन्यातून एकदा म्हटलं तर एकदाच. मध्येच चार महिने गायब होऊन अचानक सणाला उगवलेल्या पत्राला ग्राहक ओळखत नाही.
- शेवटी एक प्रश्न विचारावा. आलेली उत्तरं पुढचे विषय देतात.

परवानगी आधी, पत्र नंतर

बिल करताना घेतलेला पत्ता म्हणजे न्यूजलेटरची परवानगी नव्हे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ हा संमतीवर उभा आहे. ज्या कामासाठी माहिती घेतली ते स्पष्ट सांगायचं, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं ठेवायचं. त्यामुळे बाहेर पडण्याची लिंक प्रत्येक पत्रात ठळक असावी. नको असलेल्या माणसाने शांतपणे यादीतून निघून जाणं हे त्याने स्पॅमचं बटण दाबण्यापेक्षा केव्हाही परवडतं. पत्त्यांच्या तयार याद्या विकत घेऊ नयेत. साध्या ईमेलवरून सगळ्यांचे पत्ते एकमेकांना दिसतील असं पत्रही पाठवू नये.

चाललंय की नाही, हे कसं कळणार?

किती जणांनी पत्र उघडलं, हा आकडा पूर्वी महत्त्वाचा मानला जाई. पण सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची नवी सोय दिली. ती चालू असेल तर माणसाने पत्र न वाचताही ते उघडल्याची नोंद होऊ शकते. त्यामुळे त्या आकड्यावर विसंबून राहता येत नाही. त्यापेक्षा किती जणांनी उलट उत्तर दिलं, किती जणांनी लिंक उघडली, दुकानात येऊन ‘तुमचं ते पत्र वाचलं’ असं किती जण म्हणाले, हे पाहावं.

पाचशे जणांच्या यादीतून पाच माणसांनी प्रश्न विचारत उत्तर पाठवलं, तर ते पत्र चांगलं झालं असं समजावं. कारण त्या पाच प्रश्नांतच पुढच्या महिन्याचा विषय असतो.