ऐकणाऱ्याची बाजू

फेब्रुवारी १९६६मध्ये पॉल विल्यम्स नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने ‘क्रॉडॅडी’ नावाच्या मासिकाचा पहिला अंक काढला. फिलाडेल्फियाजवळच्या स्वार्थमोर कॉलेजात तो पहिल्या वर्षाला होता. अंक दहा पानांचा, सायक्लोस्टाईल केलेला, प्रती पाचशे. लंडनजवळ रिचमंडला ज्या क्लबात रोलिंग स्टोन्स सुरुवातीच्या दिवसांत वाजवायचे, त्याचंच नाव त्याने मासिकाला दिलं. आत नट्यांचे फोटो नाहीत, गायकांच्या भानगडी नाहीत. नव्या रेकॉर्ड ऐकून त्यांच्याबद्दल काय वाटलं, एवढंच. रॉक संगीतावर गंभीरपणे लिहिणारं अमेरिकेतलं पहिलं मासिक म्हणून आज याच अंकाचं नाव घेतात.

सायक्लोस्टाईल म्हणजे काय मेहनत असते ते मला ठाऊक आहे. मिरजेत एका कॉलेजच्या ऑफिसात मी प्रश्नपत्रिकांची स्टेन्सिलं कापली आहेत. टाइपरायटरची रिबन बाजूला सारायची, खिळा थेट मेणकागदावर आपटायचा. बोट जड पडलं की ‘ठ’च्या पोटाचा तुकडाच उडून जायचा आणि छापताना तिथे शाईचा काळा ठिपका यायचा. चुकलेल्या अक्षरावर लाल फ्लुइड लावायचं, फुंकर घालून सुकवायचं आणि त्याच जागी अक्षर पुन्हा मारायचं. इतका त्रास घेऊन माणूस टाइप करतो तेव्हा तो भरतीचं वाक्य लिहीत नाही. विल्यम्स हे विज्ञानकथांच्या नादी लागलेल्या पोरांकडून शिकला होता. ती पोरं आपापली पत्रकं अशीच काढून एकमेकांना पोस्टाने पाठवत, आणि शाळेत असताना त्यानेही तसं एक पत्रक चालवलं होतं. आपल्याकडेही पन्नासच्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांनी ‘शब्द’ याच यंत्रावर काढला होता. जाहिरातदार नाही, मालक नाही, म्हणून कुणाचं मन राखायचंही कारण नाही.

त्या वेळी अमेरिकेत संगीतावरची नियतकालिकं कमी नव्हती. ‘बिलबोर्ड’ आणि ‘कॅश बॉक्स’ धंदेवाल्यांसाठी होती. कुठली रेकॉर्ड किती खपली, ते त्यांत कळे. जॅझला ‘डाउनबीट’ होतं, लोकगीतांना ‘सिंग आउट’. रॉकच्या वाट्याला मात्र शाळकरी मुलींसाठी काढलेली फोटोंची मासिकं तेवढी आली होती. बीटल्सचे केस कसे आहेत हे सगळीकडे वाचायला मिळे, त्यांच्या गाण्यात काय चाललंय हे कुठेच नाही. ‘क्रॉडॅडी’ने ती जागा भरली आणि ती भरल्याचं आधी कलावंतांच्याच ध्यानात आलं. सायमन आणि गारफंकेलच्या रेकॉर्डवरचं परीक्षण वाचून पॉल सायमनने विल्यम्सला स्वतः फोन केला. काही आठवड्यांतच बॉब डिलन फिलाडेल्फियाला गायला आला, तेव्हा त्याचीही भेट झाली. मग लिहिणारे येत गेले. जॉन लँडाऊ पुढे ब्रूस स्प्रिंगस्टीनचा निर्माता आणि व्यवस्थापक झाला, सँडी पर्लमनने ‘ब्लू ऑयस्टर कल्ट’च्या रेकॉर्ड केल्या, रिचर्ड मेल्ट्झरचं ‘द एस्थेटिक्स ऑफ रॉक’ १९७०मध्ये आलं. या सगळ्यांचं लेखन आधी ‘क्रॉडॅडी’त आलं होतं.

नोव्हेंबर १९६७मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत यान वेनरने ‘रोलिंग स्टोन’ सुरू केलं. ते मोठं झालं, श्रीमंत झालं आणि इतिहासात पहिलेपणाचा मानही बऱ्याचदा त्यालाच मिळतो. विल्यम्स १९६८मध्ये आपल्याच मासिकातून बाहेर पडला. मासिक दुसऱ्यांच्या हाती १९७९पर्यंत चाललं. विल्यम्स रानात राहायला गेला, काही काळ कॅनडाच्या किनाऱ्यावरच्या एका वसाहतीत राहिला. वेनरने संस्था उभी केली. विल्यम्सने पुस्तकं लिहिली, आणि माझ्या मते त्या दोघांत टिकाऊ काम विल्यम्सचं आहे.

पहिलं पुस्तक ‘आउटलॉ ब्लूज’, १९६९चं, बरंचसं मासिकातल्याच लेखांचं. त्यातला बीच बॉइजवरचा भाग मला फार मोलाचा वाटतो. त्या बँडच्या ब्रायन विल्सनने ‘स्माइल’ नावाची रेकॉर्ड महिनोनमहिने करून १९६७मध्ये अर्धवट सोडून दिली होती. ती होताना जवळून पाहिलेल्या डेव्हिड अँडर्ले याच्याशी विल्यम्सने लांबलचक गप्पा मारल्या आणि त्या तशाच छापल्या. जी रेकॉर्ड कुणालाच ऐकायला मिळणार नव्हती, तिच्याबद्दल दोन माणसं तळमळीने बोलताहेत. विल्सनने ती नव्याने पुरी करून २००४मध्ये बाहेर काढली. तोवर पस्तीस वर्षं लोकांनी ती या आणि अशाच पानांतून ओळखली.

पण माझं त्याच्याशी खरं नातं जुळलं ते डिलनवरच्या ‘परफॉर्मिंग आर्टिस्ट’मुळे. भाच्याने न्यू जर्सीहून पहिला खंड पाठवला होता. तीन खंड आहेत : १९९०, १९९२ आणि २००४चे. डिलनवर लिहिणारे बहुतेक लोक त्याचे शब्द कागदावर घेऊन बसतात, कवितेसारखे उलगडतात. विल्यम्स म्हणतो, हा माणूस आधी गाणारा आहे. त्याची कला गाताना घडते आणि रेकॉर्ड म्हणजे त्या एका दिवसाचं गाणं. म्हणून तो एकाच गाण्याच्या वेगवेगळ्या सालांतल्या, वेगवेगळ्या गावांतल्या मैफली शेजारी शेजारी ठेवून ऐकतो. ‘टँगल्ड अप इन ब्लू’ डिलनने १९७४मध्ये आधी न्यूयॉर्कला रेकॉर्ड केलं, मग त्याच डिसेंबरात मिनिआपोलिसला पुन्हा केलं आणि १९८४मध्ये रंगमंचावर शब्द बदलून वेगळंच गायलं. यातलं खरं कुठलं, असं विल्यम्स विचारत नाही. तिन्ही खरी.

पाश्चात्त्य वाचकाला हे पटवायला त्याला तीन खंड लागले. ख्याल ऐकत वाढलेल्याला हे पटवावं लागत नाही. मिरजेच्या दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीत सभा होते; तिथे एकाच गायकाकडून तोच राग, तीच बंदिश मी वेगवेगळ्या साली ऐकली आहे आणि ती तीच आहे असं कधी मनात आलं नाही. कालचा जोगिया आज नसतो. आपल्याकडे केशवराव भोळ्यांनी तिसाच्या दशकात ‘एकलव्य’ या नावाने गायकांवर लिहिलं, तेही मैफलीत बसलेल्या कानाने. विल्यम्सला यातलं काही माहीत असेल असं नाही. तो स्वतःच्या कानाच्या भरवशावर तिथे पोचला.

त्याची उणीव मला दिसते. तो प्रेमाने ऐकतो आणि जे आवडलं त्यावरच लिहितो. रॉकच्या जगात बायकांना काय जागा होती हे कळायला त्याच्या काळातल्या एलन विलिस या समीक्षिकेकडे जावं लागतं. पण त्याच प्रेमाचा फायदाही होतो. डिलन १९७९मध्ये अचानक ख्रिस्तभक्त झाला आणि सॅन फ्रान्सिस्कोत चौदा प्रयोग नुसती भक्तिगीतं गायला, तेव्हा जुने चाहते संतापले. विल्यम्सने त्यांतले सात ऐकले आणि लगेच ‘डिलन : व्हॉट हॅपन्ड?’ हे छोटं पुस्तक लिहिलं. तो चिडला नाही, भाविकही झाला नाही. माणूस असं का गातोय, एवढंच त्याने विचारलं. टीकाकाराकडे ही वृत्ती दुर्मीळ असते.

हाच गुण त्याने दुसऱ्या एका लेखकासाठी वापरला. फिलिप के. डिक हा विज्ञानकथाकार हयातीत उपेक्षितच होता. विल्यम्सने १९७५मध्ये ‘रोलिंग स्टोन’मध्ये त्याच्यावर मोठा लेख लिहिला, १९८२मध्ये डिक वारल्यावर त्याच्या साहित्याचा विश्वस्त म्हणून अप्रकाशित कादंबऱ्या छापून आणल्या. १९९३मध्ये ‘क्रॉडॅडी’ही पुन्हा सुरू केलं आणि दहा वर्षं चालवलं. मधेच १९९५मध्ये सायकलवरून पडून डोक्याला जबर मार बसला. त्यातून तो उठला, लिहिता राहिला, पण पुढे स्मृती हळूहळू गेली. २७ मार्च २०१३ रोजी कॅलिफोर्नियात एन्सिनिटास इथे तो वारला, चौसष्टाव्या वर्षी.

डिलनवरचे त्याचे तीन खंड ज्यांच्या जिवावर उभे आहेत त्या लोकांची नावं फारशी कुणाला ठाऊक नाहीत. मैफलीत चोरून टेपरेकॉर्डर नेणारे, कॅसेटींच्या नकला करून पोस्टाने एकमेकांना पाठवणारे श्रोते. रेकॉर्ड कंपनीनेच केलेल्या, पण अशाच चोरट्या नकलांतून पसरलेल्या एका टेपवर डिलनची मे १९६६ची इंग्लंडमधली मैफल आहे. श्रोत्यांतून कुणीतरी त्याला विश्वासघातकी म्हणून ‘जूडास’ ओरडतो ती. ही टेप अनेक वर्षं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलची म्हणून जगभर फिरली. मैफल होती मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधली, १७ मेची. पहिल्यांदा कुणी चुकीचं लेबल लावलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. १९९८मध्ये कंपनीने ती रीतसर काढली तेव्हाही अल्बर्ट हॉलचं नाव अवतरणचिन्हात ठेवावं लागलं.

मिरज, सांगली, कोल्हापूर, पुणे, धारवाड, पणजी इथल्या कित्येक घरांत अजून खासगी मैफलींच्या टेपा पडून आहेत. आजोबांनी ध्वनिमुद्रित केलेल्या, बुरशी धरलेल्या, वर नुसतं ‘बुवा, मारवा’ असं पेन्सिलीने लिहिलेल्या. तुमच्याकडे अशा टेपा असतील तर ज्यांना आठवतंय ती माणसं आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा. गाव, साल, कुणाचं घर, तबल्याला कोण, पेटीला कोण, हे विचारून प्रत्येक डबीवर लिहून ठेवा. जमलं तर त्या रात्री काय ऐकलं तेही.