वैनगंगेचा झिंगा आणि घरातला समुद्र

भिवापूरचे नाव निघाले की ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम लाल मिरची उभी राहते, आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु नागपूर जिल्ह्याच्या या आग्नेय टोकाला, जेथून कोणताही किनारा गाठायचा म्हटले तरी शेकडो कोसांची वाट आहे, एखाद्या गृहस्थाने दिवाणखान्यात काचेची पेटी मांडावी, तीत खारे पाणी भरावे आणि शोभेच्या झिंग्यांची वीण घेण्याचा उद्योग आरंभावा, असे कोणी सांगितले तर चारचौघे त्यास चैन तरी म्हणतील किंवा चक्रमपणा तरी म्हणतील. मला मात्र त्यात एका जुन्या व्यवहाराचा पुढचा अध्याय दिसतो. कारण या मुलखाचा समुद्राशी संबंध झिंग्याच्या द्वारे फार पूर्वीपासून चालत आलेला आहे, आणि तो कसा होता हे मनुष्याला कळण्यास विसाव्या शतकाची साठ वर्षे उलटावी लागली.

पूर्व विदर्भ हा तलावांचा मुलूख. गोंड राजांच्या आणि पुढे भोसल्यांच्या अमदानीत कोहळी व इतर कास्तकारांनी बांधलेले हे तलाव इंग्रजी बंदोबस्तात मालगुजारांच्या मालकीचे ठरले, आणि 1951 साली मालगुजारी नष्ट झाल्यावर सरकारजमा होऊन ‘मामा तलाव’ (माजी मालगुजारी तलाव) या काहीशा विनोदी नावाने दप्तरात नोंदले गेले. धानाला पाणी हा त्यांचा मुख्य हेतू. मासळी, शिंगाडा आणि झिंगा ही ढीवरांच्या वहिवाटीची बाब. तलावातला बारीक झिंगा गोड्या पाण्यातच जन्मतो, तेथेच वाढतो आणि तेथेच अंडी देतो. नदीतल्या थोराड, लांब नांगीच्या झिंग्याची जात वेगळी, आणि तिचे चरित्रही वेगळे.

या नदीच्या झिंग्याचे शास्त्रीय नामकरण 1844 साली पॅरिसमध्ये आंरी मिल्न-एडवर्ड्‌स या प्राणिशास्त्रज्ञाने केले, आणि त्या नावात माल्कमसन हे आडनाव गुंफले. ज्या ग्रंथात हे नाव प्रथम छापले गेले तो व्हिक्तोर झाकमाँ या तरुण फ्रेंच प्रवाशाच्या हिंदुस्थानातील भ्रमंतीचा वृत्तान्त होय. हा झाकमाँ 1832 च्या डिसेंबरात मुंबईस वारला, आणि आपल्या नावाने निघालेल्या त्या भव्य खंडांचे एक पानही त्यास पाहावयास मिळाले नाही. आज हा प्राणी सामान्यतः गोदावरीचा झिंगा म्हणून ओळखला जातो. त्याची मादी पोटाखाली अंडी वागवीत प्रवाहाबरोबर खाली उतरते, खाडीच्या मचूळ पाण्यात पिले सोडते, आणि तेथे बाल्य संपवून पिले पुन्हा नदी चढू लागतात. भिवापूरच्या पूर्वेकडील पाणी वैनगंगेस मिळते, वैनगंगा वर्धेशी मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरीत जाते; हाच या प्रवासाचा राजमार्ग. त्यावर पहिले मोठे नाके बसले ते 1852 साली पुऱ्या झालेल्या आर्थर कॉटनच्या धवळेश्वरम् बंधाऱ्याचे, आणि आमच्या दाराशी ते बसले गोसीखुर्द धरणाचे, ज्याची कोनशिला 1988 साली राजीव गांधींनी बसविली व ज्याच्या पाण्याखाली भिवापूर व कुही तालुक्यांतील गावे गेली. विस्थापित माणसांची गणना झाली. वाट अडलेल्या झिंग्याची दखल घेणारा रकाना कोणत्याही नमुन्यात नव्हता.

गोड्या पाण्याच्या मोठ्या झिंग्याच्या पिलांना मीठ लागते, हे रहस्य उलगडले ते मलायातील पेनांग येथे. 1961 च्या सुमारास शाओ-वेन लिंग हे चिनी मत्स्यतज्ज्ञ गोदावरीच्या झिंग्याच्या एका थोरल्या भाऊबंदाची पिले वाढविण्याचा यत्न करीत होते; पिले निघत, आणि काही दिवसांत मरत. निरनिराळे पदार्थ पाण्यात घालून थकल्यावर त्यांनी जेवणाच्या टेबलावरचे सोया सॉसही घालून पाहिले, आणि त्या भांड्यातली पिले तगली, असे सांगतात. कथा थोडी रंगविलेली असेल. निष्कर्ष खरा ठरला. पुढे हवाईत ताकुजी फुजिमुरा यांनी त्यावरून पिलांच्या सामुदायिक संगोपनाची पद्धत बसविली.

आता घरात समुद्र तयार करण्याची विद्या. तिचा आद्य प्रणेता इंग्रज निसर्गाभ्यासक फिलिप हेन्री गॉस. 1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात उघडलेल्या मत्स्यगृहास त्याचेच साहाय्य होते. 1854 साली त्याने कृत्रिम समुद्रजलाची कृती प्रसिद्ध केली, तीत चारच क्षार होते: साधे मीठ, एप्समचे मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. हे पाणी प्रथम समुद्रशैवालाच्या स्वाधीन करून ते रुळल्यावरच तो त्यात प्राणी सोडी. नेमक्या त्याच वर्षी डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. लंडनच्या सद्‌गृहस्थांनी मीठ विरघळवून घरोघर समुद्र मांडावेत, आणि इकडे लमाणांच्या तांड्यांनी बैलांच्या पाठीवर वाहून आणलेल्या मिठावर सरकारने अशी जकात बसवावी की तिच्या वसुलीसाठी अटकेपासून मध्य प्रांतापर्यंत काटेरी कुंपणाची सरहद्द 1879 पर्यंत राखावी लागली, हा योगायोग इतिहासकाराला क्षुल्लक वाटेल. मला वाटत नाही.

पाणी सिद्ध झाले तरी पिलांच्या तोंडी काय घालावे हा प्रश्न ऐंशी वर्षे पडून होता. खारवलेल्या डबक्यांत राहणाऱ्या आर्टेमिया नामक सूक्ष्म जीवाची नवजात पिले हे त्याचे उत्तर 1933 साली सॅन फ्रान्सिस्कोत सील या संशोधकास, आणि 1939 साली नॉर्वेत रोलेफसेन यांस सापडले. याची कोरडी अंडी वर्षानुवर्षे डब्यात राहतात आणि खाऱ्या पाण्यात टाकली की एकदोन दिवसांत फुटतात. मुंबईच्या वडाळ्याच्या मिठागरांत हाच जीव सी. व्ही. कुलकर्णी यांनी नोंदविला तो 1950 नंतरच्या दशकात, म्हणजे ज्या दशकाच्या आरंभी, 1951 साली, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन होऊन सामान्य मराठी माणसास काचेपलीकडचा समुद्र प्रथम दिसला.

शोभेच्या झिंग्यांत छंदिष्टांची प्रीती लिस्माटा कुळावर. तांबड्या पाठीवर पांढरा पट्टा मिरविणारा, मोठ्या माशांच्या अंगावरची घाण व परजीवी टिपून खाणारा क्लीनर श्रिंप यातलाच. या कुळाची मौज अशी की प्रत्येक झिंगा प्रथम नर म्हणून प्रौढ होतो आणि पुढे नर व मादी दोन्ही एकदमच होतो. त्यामुळे कोणतेही दोन प्रौढ जीव आणले की जोडी जमलीच. एकाने कात टाकली की लौकर समागम होतो आणि पोटाखाली हिरवट अंड्यांचा घोस दिसू लागतो. दिवस भरत आले की हिरवेपणा ओसरून अंड्यांत पिलांचे डोळे चकाकतात. दिवे मालविल्यानंतरच्या अंधारात पिले सुटतात. विजेरीचा झोत काचेच्या एका कोपऱ्याशी धरला की पारदर्शक ठिपके उलटे पोहत त्याकडे गोळा होतात, आणि मग जाळीने नव्हे तर वाटीने, पाण्यासकट, त्यांस वेगळ्या गोल भांड्यात न्यावे लागते. कारण जाळीत पकडले तर त्यांचे नाजूक अवयव तुटतात. एथवर सर्व सुलभ. पुढे याच कुळातल्या पेपरमिंट श्रिंपचे पिलू महिना-दीड महिन्यात तळाशी स्थिरावते, क्लीनर श्रिंपचे मात्र चार-पाच महिने तरंगतच राहते, कात टाकताना मरते, भुकेने मरते, आणि पोटभर खाऊन पाणी नासल्यामुळेही मरते. म्हणूनच बाजारात विकले जाणारे असे झिंगे अद्यापि बहुतांशी प्रवाळखडकांवरून धरून आणलेले असतात.

हे परावलंबन मोडण्याचे यत्न आपल्याकडेही चालू आहेत. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने शोभेच्या सागरी झिंग्यांचे प्रजननकेंद्र उभारून तेथील स्त्रियांस हे काम शिकविले. भिवापूरच्या छंदिष्टाला तेथील प्रवाळही नाही आणि तेथील पाणीही नाही. त्याला आधी विहिरीच्या जड पाण्यातले सर्व क्षार यंत्राने काढून टाकावे लागतात, आणि मग त्याच पाण्यात विकतचे क्षार मोजून घालावे लागतात, ते पाण्याची घनता 1.025 भरेपर्यंत. हा खटाटोप हास्यास्पद म्हणणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे की तलावात थोराड झिंगा वाढवावयाचा म्हणून आमच्या मत्स्य सहकारी संस्था जे बीज विकत घेतात, तेही अशाच मापून खारवलेल्या हौदात, आर्टेमियाच्याच पिलांवर पोसलेले असते.