निकेल आणि तूलूझचे दोन रसायनज्ञ

हायड्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग प्लॅटिनमच्या नुसत्या सान्निध्याने घडून येतो, हे डोबेरायनर यांनी १८२३ साली दाखविले, आणि अशा सामर्थ्याला बर्झेलियस यांनी १८३५ मध्ये नावही दिले. पुढे डेबुस व फॉन विल्डे यांनी त्याच धातूच्या साह्याने कार्बनी वायूंना हायड्रोजन जोडून पाहिला. तथापि इतक्या दुर्मिळ धातूच्या भरवशावर मोठा उद्योग उभारण्याची उमेद कोणा कारखानदारास होण्याजोगी नसल्यामुळे ही विद्या प्रयोगशाळेबाहेर पडली नाही.

१८९० साली लुडविग मोंड व त्यांचे सहकारी यांनी निकेल आणि कार्बन मोनॉक्साइड यांपासून एक बाष्पशील संयुग सिद्ध केले, तेव्हा तूलूझच्या विद्यापीठातील अध्यापक पॉल साबात्ये यांच्या मनात असा तर्क आला की, जो धातू एका अतृप्त वायूस जवळ करतो, तो एथिलीन, ॲसिटिलीन यांनाही करील. इतक्यात १८९६ मध्ये पॅरिसच्या म्वासां व मूरेऊ यांनी तप्त होणाऱ्या निकेलवर ॲसिटिलीनचा कोळसा साचल्याचे जाहीर केले. मात्र हा प्रकार त्यांनी धातूच्या सच्छिद्रतेवर लोटला आणि बाहेर पडणाऱ्या वायूची झडती घेतली नाही. साबात्ये यांनी, हा विषय पुढे चालविण्याचा आपला मानस आहे काय, अशी म्वासां यांच्याकडे आधी पृच्छा केली (अशी अदब विद्वानांच्या दुनियेत विरळाच) आणि नकार येताच काम हाती घेतले.

त्यांचे सहकारी होते झां-बातिस्त सांदेरांस, कॅथलिक धर्मोपदेशक आणि तूलूझच्याच कॅथलिक संस्थेतील रसायनाचे अध्यापक. १८९७ मध्ये या जोडीने निकेलवरून एथिलीन नेले, तो बाहेर आलेल्या वायूत एथेन सापडले. म्हणजे धातूने हायड्रोजन एथिलीनच्या पदरात घातला होता. मग हायड्रोजन स्वतंत्र पुरविताच सारे एथिलीन सुखासुखी एथेन झाले, आणि १९०१ च्या सुमारास सुमारे १८० अंश उष्णतेवर बेंझीनसारखे हट्टी द्रव्यही सायक्लोहेक्झेनमध्ये पालटले. अट एवढीच की, ऑक्साइडपासून हायड्रोजनच्या प्रवाहात ताजे केलेले निकेल निर्मळ असावे. गंधकाचा लेशही त्याचे सामर्थ्य हिरावून घेतो. धातू हायड्रोजनशी क्षणिक संयुग करतो व तो लगेच दुसऱ्याच्या हवाली करतो, अशी साबात्ये यांची उपपत्ती होती. सच्छिद्रतेवर सारा भार टाकणाऱ्यांपेक्षा तीच सत्याच्या जवळ होती, असे आमचे मत आहे.

साबात्ये यांची पद्धत बाष्पांपुरती होती. द्रव तेलांचा मार्ग जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनी खुला केला. ओलेइक आम्लाचे घट्ट स्टिअरिक आम्ल करून त्यांनी १९०२ मध्ये पेटंटाचा हक्क मिळविला. साबण, मार्गारीन यांच्या कारखान्यांतून फिरत ही विद्या मुंबईस पोचली: शिवडीच्या कारखान्यात १९३२ मध्ये वनस्पती तूप तयार होऊ लागले आणि १९३७ पासून ‘डालडा’ या नावाने घरोघरी गेले. ज्यांच्या स्वयंपाकघरात तो डबा होता, त्यांच्यापैकी कितीजणांस तूलूझचे नाव ठाऊक असेल!

फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने १९०५ चे जेकर पारितोषिक दोघांस विभागून दिले होते. १९१२ चे नोबेल मात्र साबात्ये व ग्रीन्यार यांच्या वाट्यास गेले. सांदेरांस यांचे नाव त्यात आले नाही. साबात्ये यांची थोरवी निर्विवाद आहे, पॅरिसचे मानाचे आसन नाकारून ते तूलूझमध्येच राहिले हेही खरे. तरीपण या दोन निवाड्यांत अकादमीचाच न्याय्य होता.