प्रोस्टेट कॅन्सर : हार्मोनचं इंजेक्शन आणि गोळ्या सुरू आहेत? मग ही माहिती वाचाच

प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाखाली असलेली छोटी ग्रंथी. या ग्रंथीच्या कॅन्सरवर अनेकांना हार्मोन थेरपी दिली जाते. इंजेक्शन घेतलं की काही दिवसांत हाडांचं दुखणं कमी होतं, लघवीही मोकळी होते. रक्तातला पीएसए नावाचा आकडा खाली येतो. मग घरात बोलणं सुरू होतं, ‘बाबा बरे झाले, आता कशाला नागपूरची चक्कर?’ चूक नेमकी इथेच होते.

हे औषध करतं काय?

प्रोस्टेटचा कॅन्सर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर वाढतो. हे हार्मोन मुख्यतः अंडकोषात तयार होतं. ते बंद पाडलं की कॅन्सर आवळतो, हे शिकागोच्या डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं. त्यासाठी त्यांना १९६६ मध्ये नोबेल मिळालं. कॅन्सर पसरलेला असेल तर या औषधाने तो मुळासकट जात नाही, दाबला जातो. औषधाचा असर संपला की हार्मोन पुन्हा वाढतं आणि कॅन्सरही डोकं वर काढू शकतो.

कोणते प्रकार आहेत?

* इंजेक्शन : ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन. दर महिन्याला, ३ महिन्यांनी किंवा ६ महिन्यांनी. पहिल्या इंजेक्शननंतर हार्मोन थोडे दिवस उलट वाढतं. म्हणून डॉक्टर सुरुवातीला बायकॅल्युटामाइडची गोळी जोडीला देतात. ती चुकवू नका.
* गोळ्या : अबिराटेरोन, एन्झाल्युटामाइड वगैरे. या बहुतेक वेळा इंजेक्शनच्या जोडीला असतात, त्याऐवजी नाही.
* ऑपरेशन : अंडकोष काढण्याचं छोटं ऑपरेशन. एकदाच होतं, खर्च कमी. हार्मोन कमी करण्यात ते इंजेक्शनइतकंच काम करतं. मात्र ते कायमचं असतं. ज्यांना दर वेळी प्रवास आणि पैसा जमत नाही, त्यांनी लाज न बाळगता डॉक्टरांना याबद्दल विचारावं.

अबिराटेरोन घेताना

ही गोळी साधारणपणे उपाशीपोटी घ्यायची असते. जेवणानंतर किमान २ तासांनी घ्या आणि घेतल्यावर १ तास काही खाऊ नका, पाणी चालतं. जेवणासोबत घेतली तर रक्तात औषधाचं प्रमाण अनेक पटींनी वाढतं. काही डॉक्टर खर्च वाचावा म्हणून कमी गोळ्या हलक्या नाश्त्यासोबत देतात. म्हणून शेजारच्या पेशंटचं पाहून आपला डोस बदलू नका, आपल्या चिठ्ठीवर लिहिलंय तेच करा.

सोबत प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची छोटी गोळी असते. ती मनाने बंद केली तर बीपी वाढणं, पोटॅशियम घटणं असे त्रास होऊ शकतात. लिव्हर, पोटॅशियम आणि बीपीची तपासणी वेळेवर करा. घरात गरोदर सून किंवा मुलगी असेल तर तिने या गोळीला उघड्या हाताने शिवू नये.

एखाद्या दिवशी गोळी राहून गेली तर दुसऱ्या दिवशी डबल घेऊ नका.

त्रास काय होतात?

अचानक अंगातून वाफा निघाल्यासारखं होणं, घाम, थकवा, वजन आणि शुगर वाढणं, छाती फुगणं, संबंधाची इच्छा जाणं, चिडचिड किंवा उदासी. हे औषधामुळे होतं, यात पुरुषाचा कमीपणा काही नाही. बायकोला आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, यातल्या बऱ्याच त्रासांवर उपाय आहेत.

हाडंही ठिसूळ होतात. रोज चाला, झेपेल तेवढं वावरातलं काम करा, तंबाखू-दारू सोडा. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाबद्दल विचारा. हाडांचं इंजेक्शन सुरू होणार असेल तर आधी दात तपासून घ्या. जडीबुटी किंवा दुसरं औषध चालू असेल तर लपवू नका.

तारीख चुकू नये म्हणून

कापसाची वेचणी किंवा संत्र्याचा तोडा आला की कास्तकाराची तारीख हमखास मागे पडते. पुढची तारीख मोबाइलच्या अलार्ममध्ये टाका, कॅलेंडरवरही लिहा. काही इंजेक्शनं फ्रिजमध्ये ठेवावी लागतात. नागपूरच्या मे महिन्यात ती पिशवीत घालून एसटीने आणू नका, औषध दुकानदाराला बर्फाचा डबा मागा. पीएसएचे सगळे रिपोर्ट एका फाईलमध्ये ठेवा. मध्ये औषध थांबवायचं की नाही हे डॉक्टर पीएसए पाहून ठरवतात, आपण नाही.

पैशाची अडचण असेल तर

औषध बंद करण्याआधी विचारा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा समावेश आहे. आयुष्मान भारतसोबत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा, आपलं औषध योजनेत बसतं का ते विचारा. हेल्पलाइन : १५५३८८. जेनेरिक औषध चालेल का हेही डॉक्टरांना विचारा, किमतीत मोठा फरक पडतो.

नागपुरात मेडिकल, मानेवाडा रोडवरचं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट इथे कॅन्सरवर उपचार होतात.

थांबू नका, लगेच दवाखाना गाठा

* पायात अचानक अशक्तपणा किंवा बधिरपणा
* कमरेत, पाठीत नवीन जोरदार दुखणं
* लघवी अडणं, किंवा लघवी-संडासवरचा ताबा जाणं
* छातीत दुखणं, दम लागणं, झटका येणं

पायातली ताकद जात असेल तर मणक्यातली नस दाबली गेलेली असू शकते. अशा वेळी ‘उद्या पाहू’ म्हटलं तर माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो. त्याच दिवशी निघा.

(ही माहिती समजून घेण्यासाठी आहे. आपला डोस आपल्या डॉक्टरांनाच विचारा.)